भट्टीघरातल्या माणसांचं पान

तुम्ही गेल्याला आज नऊ दिवस झाले, आणि तुमच्या त्या विनाशिकांच्या, लढाऊ जहाजांच्या, पुस्तकाचं काय करायचं हे या घरात अजून कोणी विचारलेलं नाही. तेराव्याला किती पानं उठतील, बुंदी कोण पाडणार, बुलढाण्याहून कोण कोण येणार, सगळं ठरलं. तुमची सतरा वर्षं ज्या ट्रंकेत आहेत ती ट्रंक मात्र जाऊबाईंनी माझ्या पाठीमागे भिंतीला लावली आणि तिच्यावर उशा रचल्या, म्हणजे भेटायला येणाऱ्या बायकांना ती दिसू नये. मी कोपऱ्यात बसले आहे. सव्वा महिना इथंच बसायचं, उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, असं मोठ्यांनी सांगितलं आहे. ट्रंकेची कड पाठीला रुततेय आणि सरकायला जागा नाही.

लिहिते आहे ते तुमच्याच ड्रॉइंगच्या कागदांच्या पाठीवर. जाऊबाईंनी मघा डोकावून विचारलं, "काय लिहून राह्यली वं सिंधू?" मी म्हटलं, "कोणाकोणाले कळवाचं राह्यलं, त्यायची नावं." खोटं बोलले. तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर आजवर कधी आली नव्हती, मायना काय घालावा तेच सुचेना, म्हणून मायना सोडून दिला.

चौथ्या दिवशी मुंबईच्या प्रकाशकांचं पत्र आलं. त्यांना काय ठाऊक! पूर्ण पुस्तकाची सुवाच्य प्रत या महिनाअखेर हाती आली तर छापायला घेऊ, नाहीतर क्षमा असावी, असं दोन ओळीत लिहिलं आहे. भासऱ्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि ओसरीवर बसलेल्यांना म्हणाले, "आता काय कराचं याचं? ज्याचं होतं तो गेला." मोठे भाऊ आहेत तुमचे, त्यांना दुःख नाही असं कोण म्हणेल? पण ते पत्र त्यांनी दिवा पुसायच्या फडक्याखाली ठेवलं. मी ते तिथून काढून घेतलं.

दहा प्रकरणं उतरवून तयार आहेत. अकरावं राहिलं आहे, आणि ते माझ्यामुळे राहिलं आहे. हे तुम्हाला आणि मलाच माहीत.

तुमच्यासारखा माणूस चिखलीत दुसरा झाला नाही, हे मी कौतुकानं म्हणते आहे असं समजू नका. शाळेत ड्रॉइंग मास्तर. पोरांना घागर, वांगं आणि मोराचं चित्र शिकवायचं. इंग्रज साहेब बुलढाण्याचा बंगला सोडून गेला तेव्हा त्याच्या पुस्तकांचे गठ्ठे रद्दीत निघाले. सगळे लोक खुर्च्या आणि कपबश्या बघायला गेले, आणि तुम्ही जहाजबांधणीची सहा जाडजूड पुस्तकं मोटारीच्या टपावर टाकून घेऊन आलात. त्याच्याही पन्नास-साठ वर्षं आधी विलायतेत पहिल्या विनाशिका कशा आखल्या, कशा बांधल्या, त्याचे नकाशे त्यात होते. ते उघडून बसलात ते या पौषापर्यंत बसलेलेच होतात. कापसाच्या बाजारातले लोक गमतीनं विचारायचे, "मास्तर, चिखलीत जहाज कुठी चालोता बाप्पा?" तुम्ही त्यांना चहा पाजायचात आणि वर नकाशाही दाखवायचात. स्वतः समुद्र पाहिला नव्हता. मी कितीदा म्हटलं, एकदा मुंबईला जाऊन या. तर म्हणायचात, "पाणी पाहून का करू? मले लोखंडाचं काम आहे."

आपलं लग्न ठरलं तेही या लोखंडापायीच. सोनाळ्याला आमच्या घरी मुलगी बघायला आलात. लोक गाणं म्हणायला लावतात, सुईत दोरा ओवायला लावतात. तुम्ही पाटी मागवलीत आणि म्हणालात, लिहा: लांबी रुंदीच्या दसपट असावी. मला वाटलं, कापडाचं काही असेल. मी वळणदार अक्षरात लिहिलं. बाबांनी मागून विचारलं, "पोरगी पसंत आहे का?" तुम्ही म्हणालात, "अक्षर पसंत आहे." आईला तो अपमान वाटला, आणि मी सातवी पास झालेली, मला त्याचा फार गर्व झाला. त्या गर्वातच अडकले म्हणा.

तेव्हापासून आपली रीत ठरली. तुम्ही पेन्सिलीनं कच्चं लिहायचं, शाळा सुटून आलात की ओट्यावर मी ते मोठ्यानं वाचायचं, अडेल तिथं तुम्ही सुधारायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी टाकानं पक्की प्रत उतरवायची. सहा पुस्तकांतलं इंग्रजी तुम्ही मराठीत आणायचात, आणि ते मराठी मला कळलं तरच ठेवायचात. "तुले समजलं म्हणजे महाराष्ट्राले समजलं," म्हणायचात. नवं राज्य झालं, शास्त्राची पुस्तकं मराठीत पाहिजेत असं जो तो बोलू लागला, तेव्हा तुमची छाती किती फुगली होती! पुढच्या डेकला तुम्ही कासवपाठ म्हटलं, कारण ते खरंच कासवासारखं वाकवलेलं असे, लाट वरून निसटून जावी म्हणून. कोळसा जाळायच्या खोलीला भट्टीघर. मला स्वयंपाकघरातून हाक मारून विचारायचात, "कासवपाठ बरं वाटते का कूर्मपृष्ठ?" मी पोळी उलटता उलटता सांगायची, आणि मी सांगितलेलं तुम्ही लिहायचात. माझ्या कोणत्या मैत्रिणीला हे मिळालं? एकीलाही नाही. हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, भांडणातच वेळ गेला.

भांडण कशावरून, ते नीट लिहिते.

टॉर्पेडो सोडणाऱ्या चिमुकल्या बोटी मोठमोठ्या युद्धनौका बुडवतील अशी धास्ती तेव्हा विलायतेला पडली होती. त्या बोटींना गाठून मारायला आणखी वेगवान नौका हव्यात, म्हणून विनाशिका निघाली. सरकारनं वेग सांगितला आणि बाकीचं बांधणाऱ्यांवर सोपवलं. वेग पाहिजे म्हणजे वजन नको. म्हणून बांधणाऱ्यांनी सगळं तासलं, फासळ्या बारीक केल्या, पत्रे पातळ केले. किती पातळ, ते मला नुसतं वाचून कळेना, तर तुम्ही जिनिंगमधल्या गणपत मिस्त्रींना बोलावलंत. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा तुकडा काढला. "हा पाहा वहिनी, एक सूत. काई काई जागी याच्याहून बी कमी." मी तो हातात घेऊन वाकवून बघितला. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला माणूस, आणि मधे एवढंच! पुढे प्रकाशकांनी सूत चालणार नाही, मिलिमीटर लिहा म्हणून कळवलं आणि मी दहाही प्रकरणांतली मापं बदलत बसले. तीन मिलिमीटरच्या जरासं वर. आकडा बदलला, पण माझ्या अंगावरचा काटा तोच राहिला.

मग तुम्ही भट्टीघर समजावून सांगितलंत. आगीला भरपूर हवा मिळावी म्हणून ती अख्खी खोलीच घट्ट बंद करायची, वरून पंख्यांनी आत हवा कोंबायची. हवेला बाहेर जायला भट्टीतूनच वाट. आत शिरायला दोन दारं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर कोंबलेली हवा सुटून जायची. एखादी बॉयलरची नळी फुटली की वाफ त्याच बंद खोलीत. तुम्ही हे किती आनंदानं सांगत होतात! दोन दारांची आकृती तर इतकी सुरेख काढलीत की मी बघत राहिले. आणि मी विचारलं, "आत माणसं कितीक राहत?"

तुम्ही म्हणालात, "ते या पुस्तकात नाही."

मी पक्क्या प्रतीत एक वाक्य घातलं. 'या खोलीत माणसे असत.' बास, एवढंच. तुम्ही ते शोधून काढलंत. खाडाखोड तुम्हाला सहन होत नसे, म्हणून खळ लावून कागदाची बारीक पट्टी नेमकी त्या ओळीवर चिकटवलीत आणि तिच्यावर पुढचं वाक्य लिहिलंत. मी पुढच्या प्रकरणात पुन्हा घातलं, तुम्ही पुन्हा पट्टी लावलीत. आठ वेळा झालं असं. नवराबायकोत असलं भांडण चालतं हे शेजारणींना सांगितलं असतं तर त्या हसून मेल्या असत्या.

तुमचं म्हणणं मी विसरलेली नाही, ते चुकीचंही नव्हतं. "अवं, हे पुस्तक बांधणीचं आहे. लोकायले रडवाले दुसरे बुकं आहेत. पहिले दार कुठी आहे, कसं बसवलं आहे, हे तं लोकायले कळू दे. दार कुठी आहे हे कळलं, म्हणजे उघडता येते." मी म्हणायची, "ज्यानं बसवलं त्याले माहीतच होतं ना दार कुठी आहे? मंग त्यानं काऊन नाही उघडलं?" तुम्ही म्हणायचात, "त्याले वेग पाह्यजे होता." मी म्हणायची, "तुमाले बी तेच पाह्यजे." मग तुम्ही चप्पल घालून बाजारात निघून जायचात. मला जाता येत नसे, मी भांडी घासायची. अशी भांडणं माझी नेहमी अर्धीच राहिली, कारण बाहेर जायची सोय एकट्या तुम्हाला होती.

दिवाळीनंतर अकरावं प्रकरण आलं, सगळं भट्टीघराचं आणि वेगाच्या चाचण्यांचं. त्यात लिहिलं होतं की चाचणीच्या दिवशी निवडून निवडून कोळसा घेत, निवडून निवडून माणसं घेत, समुद्र शांत बघत, आणि मग जो वेग निघे तो कागदावर नोंदवत. कोळसा कुठल्या प्रतीचा, त्याची अर्धं पान माहिती. माणसांना दोन शब्द. मी टाक खाली ठेवला आणि सांगितलं, या प्रकरणात माणसांचं एक पान येईपर्यंत मी एक अक्षर उतरवणार नाही. तुम्ही हसलात. चार दिवसांनी तुमचं हसू गेलं. मग स्वतः उतरवायला बसलात, पण आकृतीला जो हात स्थिर, तो अक्षराला थरथरायचा. सहा ताव खराब केलेत आणि एकदाही मला म्हटलं नाहीत, की लिही वं. मीही म्हटलं नाही, की आणा इकडे. दोन महिने असे गेले. जेवायला वाढत होते, कपडे धूत होते, बोलत होते, फक्त त्या ट्रंकेकडे दोघंही बघत नव्हतो.

पौषात तुमच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी औषध दिलं, उशांना टेकवून बसतं ठेवायला सांगितलं. बाहेर झोंबरा वारा. जाऊबाई आणि भासरे मदतीला राहायला आले. जाऊबाईंनी आल्या आल्या सांगितलं, "खिडकी बंद कर. थंडी बाधली तं हातचा जाईन माणूस." मी खिडकी लावली. वर कडी घातली. फटीत चिंध्या कोंबल्या, अगदी मन लावून कोंबल्या. तुम्ही म्हणालात, "खिडकी उघड." मी म्हटलं, "थंडी आहे." दोन दिवस तुम्ही तेच म्हणत होतात आणि मी तेच उत्तर देत होते. माझ्याही मनात भीती होती, खोटं कशाला सांगू? जाऊबाईंनी सांगितलं म्हणून लावली खरी, पण पुढे माझ्या भीतीनंच ती बंद राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही माझा पदर धरलात. "उघड वं. मले श्वास घेता येऊन नाही राह्यला." दोन महिन्यांचं सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि मी म्हटलं, "आता कळलं का, आतल्या माणसाले कसं वाटते ते?"

बोलले आणि जीभ चावली, पण शब्द गेले होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागावला असतात तर मी जगले असते. तुम्ही मान हलवलीत, हाव म्हणून, वर्गात एखाद्या पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचात तशी. मी उठून चिंध्या उपसल्या, कडी काढली, दोन्ही फळ्या उघड्या टाकल्या. जाऊबाई धावत आल्या, "काऊन उघडली? काऊन उघडली वं?" मी खिडकीशी उभी राहिले, त्यांना लावू दिली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी या घरात कोणाला तरी अडवलं होतं.

खिडकी उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळभर तुम्ही बोलत होतात. थोडं बोलायचं, थांबायचं, परत थोडं बोलायचं. जाऊबाई म्हणाल्या वातात बडबडताहेत. वात नव्हता, मला कळत होतं. वाचून दाखवताना मी थांबले की तुम्ही ज्या आवाजात सांगायचात, लिही, तोच आवाज होता. म्हणालात, "हवा लय आहे वं. पण माह्यावाली नाही, ते आगीची आहे." मग म्हणालात, कानात दडे बसतात. मग, छातीवर कोणी हात ठेवलाय, तो जड नाही, पण काढत नाही. आणि मग, "दार कुठी आहे ते पक्कं माहीत आहे मले. माहीत असून काही होत नाही." मी तुमचा हात धरून बसले होते. माफ करा म्हणायचं होतं. वाटलं, दम लागलाय, आत्ता कशाला, उद्या म्हणू. संध्याकाळी दिवेलागणीला तुम्ही गेलात.

आता घरात सगळे म्हणतात, हिनं खिडकी उघडली म्हणून गेला. तोंडावर म्हणत नाहीत. भेटायला येणारी बाई आधी जाऊबाईंजवळ बसते, दोघी हळू बोलतात, मग ती त्या खिडकीकडे बघते आणि मग माझ्याकडे येऊन रडते. मी ऐकून घेते. त्यांना काय सांगू, की उघडली याचा मला पस्तावा नाही, दोन दिवस लावून ठेवली याचा आहे? सांगितलं तर म्हणतील, लावली तेच शहाणपण होतं. म्हणजे माझी चूक ते माझं पुण्य मानणार आणि मी जे एक बरं केलं ते पाप. यातून मला कुठूनच बाहेर पडता येत नाही.

पाचव्या दिवसापासून मी ट्रंकेवरच्या उशा बाजूला करून अकरावं प्रकरण उतरवू लागले. दुपारी जेवणं झाली की घर जरा लवंडतं, तेवढ्यात. पदर पुढे ओढून घेते, लांबून बघणाऱ्याला वाटतं बाई रडते आहे. एकही शब्द बदलला नाही. निवडलेला कोळसाही तसाच ठेवला. काल प्रकरण पुरं झालं आणि मग माझी पंचाईत झाली. माणसांचं पान घालू का नको? जिवंत होतात तोवर भांडून घालायची तयारी होती. आता अडवणारं कोणी नाही, तर हात चालेना. मेलेल्या माणसाला भांडणात हरवायचं म्हणजे काय राहिलं? शिवाय त्या दिवशी जे बोलले तेच पुन्हा, शाईनं, छापून काढायचं?

काल गणपत मिस्त्री बसायला आले. ओसरीतून हात जोडले आणि दाराजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, मास्तरचं बुक अर्धं ठेवू नका. तुमी द्या माह्याजवळ, मी परवा सकाळी येऊन नेतो अन् मुंबईले रजिस्टर करून देतो." मग जरा घुटमळून म्हणाले, "मी तीस वर्षं बॉयलरपाशी काढले. मास्तरनं मले नळ्या इचारल्या, पत्रे इचारले. मले कसं वाटते ते नाही इचारलं कधी. पण माणूस सोन्यासारखा होता." भासरे खाकरले, तसे ते निघून गेले.

ते गेल्यावर मी नवा ताव घेतला. दोन दारांच्या आकृतीनंतर एक पान घातलं आहे. माझं त्यात काही नाही. तुम्ही त्या सकाळी जे जे बोललात ते आठवून, त्याच क्रमानं लिहिलं, फक्त बोली काढून पुस्तकी भाषा केली, कारण छापील पुस्तकात 'माह्यावाली' तुम्हाला चाललं नसतं. हवा खूप असते पण ती आगीची असते, हे लिहिलं. कानाचं लिहिलं, छातीवरच्या हाताचं लिहिलं. दार माहीत असून काही होत नाही, हेही लिहिलं. पान तुमच्या नावावर जाईल. लिहून झाल्यावर सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले, आणि जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, कोणासंगं बोलून राह्यली?

उद्या सकाळी मिस्त्री येतील तेव्हा गठ्ठा खिडकीतून त्यांच्या हातात देणार आहे. उंबरा ओलांडायचा नाही असं मला सांगितलं आहे, खिडकीचं कोणी काही बोललेलं नाही.

पुस्तक छापून आलं तर ते पान वाचून लोक म्हणतील, हा मास्तर त्या भट्टीघरात स्वतः उतरून आलेला दिसतो. त्यांचं खरंच आहे. दोन दिवस तुम्ही आत होतात. कडी मी घातली होती, आणि तुमच्या उशाशी उभी राहून हात लांब केला असता तर ती निघत होती. हे मी पानात लिहिलेलं नाही. ते फक्त तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून हे कागद वेगळे.